आतून दार असलेल्या खोल्या

प्रिय सल्वा,

बाळाच्या जावळाचं आमंत्रण पोचलं. फोटोतलं त्याचं नाक अगदी आपल्या बाबांचं आहे. तुझा फोन झाल्यापासून तुमच्या तेरेंगानूतली हॉटेलं शोधतेय. लुक्मान सोळाचा झाला, बापापेक्षा, झमरीपेक्षाही उंच. फॅमिली रूम म्हणजे एक मोठा पलंग नि एक सोफा. सोफ्याबाहेर त्याचे पाय लोंबतात आणि बापाच्या घोरण्याने तो भिंतीवर डोकं आपटून घेतो. वेगळी खोली दिली तर, स्वमग्न पोर, दार उघडून कधी निघून जाईल, नेम नाही. म्हणून आतून एकमेकींत उघडणाऱ्या दोन खोल्या लागतात, लिफ्टपासून लांब. फोनवर सगळेच म्हणतात, "हो हो, मिळतील."

हरी रायाला, ईदेला तुमच्याकडे आलो तेव्हाही असंच म्हणाले होते. पोचलो, तर एक खोली चौथ्या मजल्यावर, दुसरी सातव्या. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "एवढा घोडा झालाय, अजून आईच्या कुशीत झोपतो की काय?" मी समजावतेय तोवर लिफ्टची घंटा वाजली, पुन्हा वाजली. लुक्मान कान दाबून फरशीवर बसला नि किंचाळायला लागला. पहारेकऱ्याने त्याचा दंड धरला. धरायला नको होता. त्याने हिसडा दिला आणि तो माणूस आडवा झाला. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. कधी आवाज न चढवणारा झमरी त्या मोबाइलसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "माझं काढ. पोराचं नको."

तुझ्याकडे जेवायला आलो ते तसेच, घामेजलेल्या कपड्यांनी. लुक्मान गाडीतून उतरलाच नाही. तू म्हणालीस, "काक, ताई, किती दमलीस गं! जा, हॉटेलवर जाऊन पड जरा." मी बरं म्हटलं. आणि आम्ही थेट घरचा, इपोहचा रस्ता धरला.

परवा तू फोनवर सुचवलंस, लुक्मानला झमरीच्या आत्याकडे ठेवून या. झमरी म्हणतो, तू एकटीच जा. मला गिळवलं नाही ते. सल्वा, तुझ्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. सगळे पाहुणे तिथेच उतरतात. आम्हाला तू कधी या म्हणाली नाहीस, मीही कधी विचारलं नाही. आज विचारते. तो ओरडेल, बाळ दचकून उठेल, तुझ्या सासूबाई तोंड वाकडं करतील. तरी आम्हा तिघांना ठेवून घेशील? जमणार नसेल तर सरळ नाही म्हण, मी रागावणार नाही. फक्त हॉटेलांचे नंबर पाठवू नकोस.

तुझीच मोठी बहीण,
काक रोहाना