शिरीषचा हिरवा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. बोरिवली.

डॉक्टर शिरीषला वारून महिना होत आला, आणि आज हॉस्पिटलच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे डॉक्टर हजर. खाली त्याच्याच नावाने लिहिलेली औषधं, आज दुपारची.

सावंत सिस्टरला बोलावलं. ओरडणारच होते. ती म्हणाली, "मॅडम, घाईत सगळे सरांचाच पासवर्ड टाकतात. तोच सगळ्यांना पाठ आहे ना. नवीन डॉक्टरसुद्धा तोच वापरतात."

हॉस्पिटलची प्रमुख मी. कॉम्प्युटर आणायचा हट्टही माझाच. ज्याने त्याने आपापलाच पासवर्ड वापरायचा, हे मीटिंगमध्ये किती वेळा बडबडले! उद्या कुणाला चुकीचं औषध गेलं, तर जाब कुणाला विचारू? गेलेल्या माणसाला?

"त्यांचं अकाउंट आत्ताच बंद करते," मी म्हणाले.

सिस्टर दारात थांबली. "करा मॅडम. पण खरं सांगू? सकाळी तो ठिपका दिसला की वाटतं, सर दहिसरहून निघून पोचले, आता राउंडला येतील."

मी स्क्रीनकडे वळले. मलाही तेच वाटलं होतं ना, क्षणभर.

बंद करताना कारण निवडावं लागतं. राजीनामा, निवृत्ती, रजा. एवढंच. ही कारणं मी आणि शिरीषनेच चहा पीत ठरवली होती. मरण दोघांनाही सुचलं नाही.

मी 'रजा' निवडली. ठिपका विझला.