आकाशवाल्यांच्या टेपवरचा बाईचा आवाज

अप्पा, तुमची ती टेप परत आली आहे. मी शोधली नाही. घोडबंदर रोडला राहणारा एक मुलगा, माझ्या शेवटच्या बॅचच्या विद्यार्थ्यांएवढा असेल, पत्ता काढत डोंबिवलीला आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "काकू, तुम्ही ऑर्गनवाल्यांची मुलगी ना?" मी म्हटलं, "मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. ऑर्गनचं काय असेल ते लवकर बोल, गॅसवर कुकर आहे." मग तो बोलत सुटला. तुमच्या त्या एकुलत्या एका कॅसेटची एक प्रत तेव्हा कुणी गोरा पाहुणा घेऊन गेला होता. ती म्हणे परदेशात फिरत राहिली आणि आता इंटरनेटवर आहे. स्पेस रॉक म्हणतात त्याला, अंतराळात तरंगत नेणारं संगीत. तिकडचे लोक डोळे मिटून ऐकतात. या मुलाला तिची नव्याने रेकॉर्ड काढायची आहे, पूर्वीसारखी मोठी काळी तबकडी, आणि त्यासाठी वारसाची सही हवी. तुमची वारस मी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, या नात्याने माझ्याकडे कुणी काही मागेल असं कधी वाटलं नव्हतं.

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ते इंग्रजी होतं, आईला ते कधी म्हणता आलं नाही आणि तिने फारसा प्रयत्नही केला नाही. ती तुम्हा चौघांना 'आकाशवाले' म्हणायची. "आज आकाशवाले जेवायला आहेत का?" असं विचारायची, आणि असलात तर रस्सा वाढवायची.

मुलाने विचारलं, "त्यांचे साइड प्रोजेक्ट्सही होते ना, काकू?" होते की. माणसं चार आणि बँड पाच. गिटारवाला रुसला की उरलेले तिघे वेगळ्या नावाने वाजवायचे. तोच गिटारवाला कुठल्याशा योगवर्गासाठी ध्यानाचं संगीत करायचा. ड्रमवाल्या काकांचं बँडबाज्यातल्या एका क्लॅरिनेटवाल्याबरोबर तिसरंच काही चालायचं. आणि शीळफाट्याकडच्या गावांत हळदीला तुमची बँजो पार्टी. आकाशात जाणारा तोच ऑर्गन टेम्पोत घालून न्यायचा आणि त्यावर रात्रभर नवरा-नवरी नाचवायचे. हे सांगताना तुम्ही मान खाली घालायचात. म्हणायचात, "ते साइडचं काम." मुलगाही तेच म्हणाला. मी त्याला म्हटलं, "बाळा, बँजोवर आमचं घर चालायचं. साइडला काय होतं ते तू ठरवू नकोस." त्याने मान डोलावली. त्याला समजलं असेल असं नाही, पण डोलावली.

मग त्याने खरा प्रश्न काढला. "त्या लांब ट्रॅकवर मागे एक लेडीज आवाज आहे ना, त्यावरून लोक अक्षरशः भांडतात. काही जण म्हणतात, ते मशिन आहे. काही जण म्हणतात, अप्पांनी स्वतः गाऊन टेप फास्ट केली. कव्हरवर त्यांच्याच नावापुढे छापलंय, ऑर्गन, एको, व्हॉइसेस."

"ती माझी आई आहे," मी म्हटलं, आणि कुकर बंद करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो अजून तसाच उभा होता.

अप्पा, त्या एको मशिनची तरी आठवण आहे का? शहाडची आपली खोली. तुम्ही कारखान्यातून येता, हातपाय न धुता ओट्याशी उभे राहता. ओट्यावर दोन जुने स्पूलचे टेपरेकॉर्डर. एकातली टेप दुसऱ्यात जाते आणि मध्ये ती ताणून धरायला काहीतरी गोल, गुळगुळीत लागतं. तुम्ही आईच्या हातातलं लाटणं काढून घेता आणि दोन खिळ्यांवर बसवता. माइकमध्ये 'हॅलो' म्हणता. ते हॅलो परत येतं, पुन्हा येतं, भिंतींवरून घरंगळत बारीक होत जातं. मी टाळ्या पिटते. आई पिठाचे हात घेऊन उभी.

"अहो, चपात्या कशाने लाटू?"

"आज भात कर."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. अगं, ऐक तरी, आवाज कसा लांब जातोय."

"आवाज जाऊ द्या लांब. लाटणं घरात राहू द्या."

तुम्ही मोठ्याने हसलात. लाटणं काही परत मिळालं नाही. आई बाटलीने चपात्या लाटायला शिकली. पुढे नवं लाटणं आलं तरी बाटली फळीवर राहिली, कारण तुमचा भरवसा नव्हता.

आईचा आवाज तुमचा नव्हता, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. आपल्या वस्तीत जयंतीच्या स्टेजवर ती गायची, तुमच्याशी लग्न व्हायच्या आधीपासून. पेटी कशीही असो, ढोलकी कुणीही वाजवो, तिचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायचा. तालमीला ती पोरींना दटावायची, "सूर जरा इकडेतिकडे झाला तर चालेल, शब्द गिळू नका. लोक शब्द ऐकायला येतात." वर्षभर धुणीभांडी, रेशन, नळावरची भांडणं, आणि एक संध्याकाळ तिची. त्या संध्याकाळी ती पांढरी साडी नेसायची आणि मला ओळख न देता स्टेजवर चढायची. मला ते फार आवडायचं.

तुम्हाला मात्र शब्द नको होते. तुम्ही तिला समजावायचात, "शब्द आले की माणूस खाली येतो. आपल्याला वर जायचंय."

"वर जाऊन जेवायला खालीच येता ना?" ती विचारायची.

आणि तुम्ही रेकॉर्डिंगला नेमका जयंतीचाच दिवस धरलात. कारणही तुमच्याकडे तयार होतं. रेकॉर्डिंग कोपरीला, ड्रमवाल्या काकांच्या वडिलांच्या भातगिरणीत, कारण तिथे जागा मोठी आणि आवाज घुमतो. एरवी गिरणी सुरू असते, तिथे रेकॉर्डिंग कसं होणार? जयंतीला गिरणी बंद, कारण गिरणीतली माणसं जयंतीला गेलेली. ती माणसं जिथे गेली होती तिथेच आई गाणार होती, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं? काका दुपारी जीप घेऊन आले. आई साडीला इस्त्री करून बसलेली. तुम्ही म्हणालात, "तासाभरात आणून सोडतो. इथलं गाणं दरवर्षीचं आहे, हे जगात जाईल." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शेजारच्या मावशीबरोबर पुढे बस, मी आलेच."

मी पुढे बसले आहे. सतरंजीवर, अगदी स्टेजखाली, नव्या फ्रॉकमध्ये. माइकवरचा माणूस आईचं नाव पुकारतो. थांबतो. पुन्हा पुकारतो. मागून कुणीतरी म्हणतं, "बाईला घेऊन गेले वाटतं आकाशात," आणि लोक हसतात. मावशी माझा हात दाबून धरते. तिसऱ्यांदा नाव पुकारून तो माणूस दुसरं नाव घेतो. आई आली तेव्हा मंडप उतरवत होते. पुढच्या वर्षी यादीत तिचं नाव नव्हतं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. तिने मागायला जायचं नाही असं ठरवलं. तुमच्या कॅसेटवरही ते नव्हतं. दोन्हीकडून गेलं.

मोठी झाल्यावर मी एकदा तिला विचारलं होतं, "तू गेलीसच कशाला?" ती म्हणाली, "ते घेऊन गेले." एवढंच. तुमच्या माघारीही ती तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही, आणि याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आहे.

तर तो मुलगा. गेल्या आठवड्यात त्याने मला ठाण्याला त्याच्या स्टुडिओत नेलं. ड्रमवाले काकाही आले होते. तुम्हा चौघांतले आता तेवढेच उरलेत. गिरणीच्या जागी त्यांच्या मुलांची बिल्डिंग आहे, खाली हॉल आहे, हळदी तिथेच होतात. काठी टेकत आले आणि मला बघून म्हणाले, "बापासारखंच कपाळ गं तुझं." मी नमस्कार केला.

आजकाल कॉम्प्युटर मिसळलेल्या आवाजातून एकेक आवाज सुटा करतो. मुलाने ऑर्गन काढला, ड्रम काढले, मग म्हणाला, "आता एको काढतो, काकू. आईंचा आवाज एकदम क्लीन ऐका." आणि आई गायला लागली. मी तिचा आवाज ती गेल्यानंतर प्रथमच ऐकत होते. तयारी करून गेले होते. पण ती नुसता 'आ' गात नव्हती, अप्पा. ते शब्द होते. तुम्ही तिला सांगितलं असणार, काहीही गा, एकोमध्ये कळत नाही. तिने ते शब्दशः घेतलं. एकेक अक्षर लांबवून, संथ, सुरात ती गाते, "लाटणं द्या हो माझं." मग बराच वेळ काही नाही. मग, "रॉकेल संपलंय." मग, "पोरगी एकटी बसलीय." आणि मग वरच्या पट्टीत, जिथे परदेशातल्या लोकांच्या म्हणे अंगावर काटा येतो तिथे, "स्टेजवर माझं नाव पुकारत असतील."

तुम्ही चार हातांच्या अंतरावर ऑर्गनवर बसला होतात. कानाला हेडफोन होता. त्यातून तुम्हाला काय ऐकू येत होतं? आकाश?

मुलगा म्हणाला, "शिट, सॉरी काकू, पण हे कसलं डेंजर आहे." काकांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "हे नको बाहेर काढू, पोरी. एकोवालंच राहू दे. लोकांना ते वरचं वाटतंय, वाटू दे ना. आता त्यांना काय रॉकेल ऐकवशील?"

"हो," मी म्हटलं. "रॉकेलच ऐकवीन."

"अगं, बापाची इज्जत जाईल."

"काका, आईचं नाव तीनदा पुकारलं तेव्हा कुणाची गेली?"

"आमी काय बी मुद्दाम नाय केलं."

"माहीत आहे. मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात तरी राहिलं असतं."

ते उठून बाहेर गेले, बाकावर बसले. म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, असं मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्याला माझ्या अटी सांगितल्या. कव्हरवर आईचं पूर्ण नाव, तुमच्या नावाच्या वर. तुमच्या नावापुढचा 'व्हॉइसेस' हा शब्द काढायचा. त्या ट्रॅकची एको काढलेली प्रत रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला, तुमची दुसऱ्या बाजूला. आणि तिचे शब्द मराठीत, ठळक छापायचे. तो म्हणाला, "पहिली बाजू? फॅन्स मारतील मला." मी म्हटलं, "मग सही नाही." डोकं खाजवून तो कबूल झाला. पोरगा बरा आहे. सही करताना मी तुमच्या नावासमोर 'मयत' लिहिलं आणि खाली माझं. अक्षर चांगलं आलं.

मग तो शब्द उतरवून घ्यायला बसला. मी ओळ सांगितली की तो टाइप करायचा. लाटणं, रॉकेल, पोरगी, स्टेज. तो म्हणाला, "काकू, अजून एक आहे, एकदम शेवटी. हळू आहे." त्याने ती लावली. पुन्हा लावली. त्याला कळत नव्हतं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. मूळ टेपवर तिथे ऑर्गन जवळजवळ थांबलेला आहे, तुमचा हात कुठे जावं ते न कळून एकाच सुरावर रेंगाळतोय, आणि आई त्याच्याखाली म्हणते, "थांबू नका."

स्टेजवर नाव पुकारणाऱ्या माणसाला ती हे म्हणाली असेल. माझ्यासाठी थांबू नका, पुढचं नाव घ्या. मग ती चारही ओळींहून वाईट ओळ आहे आणि छापायलाच हवी होती. पण ती तुम्हालाही म्हणाली असेल. वाजवा, थांबू नका. आवाजावरून मला ठरवता येत नाही. तिचा आवाज मी सगळ्यात जास्त ऐकलेला आहे आणि तरी ठरवता येत नाही. ती तुम्हाला असली, तर लोक तेवढीच ओळ लक्षात ठेवतील, तुम्हाला माफ करून टाकतील, आणि बाकीच्या पुन्हा एकोत जातील.

मुलाने विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "शेवटचं काही कळत नाही." त्याने तिथे टिंबं टाकली.