त्या खोलीत मी काय म्हणालो

बाई, लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला घाम फुटला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी मुद्दा लिहा, घाम मग पुसा. तर मुद्दा असा की त्या वर्षीच्या सभेत माझ्या बायकोने चारचौघांत तुम्हाला जे सुनावलं, त्यातलं एक अक्षरही तुमच्या वाट्याचं नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि ते नंतर कधी उमगलं असं नाही. तिथेच, भिंतीला टेकून उभा असताना ठाऊक होतं. आता सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला माहीत आहे तेही लिहितो, कारण मधलं गाळून लिहायची हुशारी माझ्यात नाही, आणि एखादी गोष्ट राहून गेली तर ती मला जेवू द्यायची नाही.

मी नाशिकच्या कोर्टातल्या बाररूमचा शिपाई, सातवी नापास. सकाळी कुलूप काढायचं, पाणी भरायचं, वकिलांचे निरोप पोचवायचे. नव्वदच्या दशकात लवादाचा नवा कायदा आला आणि तुम्ही वकील संघाच्या मागे लागून लवाद आणि मध्यस्थी विभाग काढून घेतलात. विभाग म्हणजे तुम्ही, दोन कंटाळलेले सभासद, ग्रंथालयामागची एक खोली आणि मी. मी विचारलं होतं, बाई, या दोन्हींत फरक काय? तुम्ही म्हणालात, "लवादात तिसरा माणूस ठरवतो. मध्यस्थीत तिसरा नुसता बसतो, ठरवायचं दोघांनीच." वर्षाचं काम आखलेलं असायचं. उन्हाळ्याची सुट्टी संपली की परिपत्रक निघायचं, पावसाळ्यात लवादावर व्याख्यान, त्याला बटाटेवड्यापुरती गर्दी. दिवाळीनंतर नव्या वकिलांचं शिबिर. दर शनिवारी दुपारी मध्यस्थीच्या बैठका, आणि मार्चमध्ये सर्वसाधारण सभेपुढे विभागाचा अहवाल. वकील मंडळी तुम्हाला जाता-येता चिडवायची. "काय बाई, आज कुणाच्या पोटावर पाय?" एकजण तर रोज म्हणायचा, "भांडणं मिटली तर आम्ही काय द्राक्षं खुडायला जाऊ?" तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "खुडायला अक्कल लागते, वकीलसाहेब."

अहवाल छापायला जायच्या आधी तुम्ही मला गंगापूर रोडच्या घरी बोलवायचात. स्वयंपाकघरात तुम्ही कांदा चिरताय, मी स्टुलावर बसून मोठ्याने वाचतोय. तुमचा नियम होता की जिथे मी अडखळेन ते वाक्य चुकलं. मला वाटायचं, चूक माझी. तुम्ही कांद्याच्याच हाताने पेन घेऊन ओळ खोडायचात. एकदा 'उभयपक्षी सामंजस्यपूर्ण तडजोडीअंती' असं काहीतरी होतं, त्यावर मी तीनदा पडलो. तुम्ही हसलात आणि लिहिलंत, 'दोघांनी मिळून ठरवलं.' मला पोह्यांची बशी दिलीत. बाररूममध्ये मला सगळे 'ए' म्हणायचे. तुम्ही वयाने मोठ्या असून 'अहो' म्हणायचात, आणि त्या 'अहो'ला मी शेवटपर्यंत दचकत आलो.

तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात. द्राक्षाच्या पेट्या बनवणारे दोन भाऊ होते. एक खोलीत तुमच्यापाशी, दुसरा बाहेर बाकावर. मी आत चहा देऊन आलो आणि बाहेरच्याला उगाच धीर दिला, "काळजी नको, आतले जरा मऊ आलेत." झालं. बाहेरचा ताठ झाला आणि तीन शनिवारांचं काम फिसकटलं. तुम्ही मला ग्रंथालयाच्या कपाटांमागे नेलंत. आवाज चढवला नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. "एका माणसाने मला एकटीला सांगितलेलं असतं ते. त्याने स्वतः ते गावभर सांगावं, त्याची मर्जी. आपण नाही सांगायचं. आपल्यावर आळ आला तरी नाही. कळलं?" मी मान हलवली. तेव्हा मला वाटलं, आळ म्हणजे बोलायची पद्धत असेल.

मग माझ्याच घरचं आलं. मुलगा टेम्पो चालवायचा, आग्रा रोडवर अपघातात गेला. सून आणि चार वर्षांची नात आमच्याकडेच राहिली. दोन वर्षांनी सुनेचं मालेगावला दुसरं लग्न झालं. माणूस यंत्रमाग दुरुस्त करणारा, चांगला होता. तिला पोर न्यायची होती. माझी बायको म्हणाली, "एक गेला, आता त्याची पोर बी देऊ का? नाय." मी कोर्टात अर्ज केला, नात आमच्या ताब्यात राहावी म्हणून. अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने होता. जज्जसाहेबांनी तो मध्यस्थीला पाठवला. तुम्ही लगेच म्हणालात, "मी बसणार नाही, तुम्ही माझ्या रोजच्यातले." पण सूनच हट्टाला पेटली. "त्याच बाई पाहिजेत. मामा रोज घरी येऊन त्यांचंच सांगायचे. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." सून मला मामा म्हणायची. मी तुमचं इतकं कौतुक केलेलं, ते असं फिरून आलं. तिच्याकडून तसं लिहून घेतल्यावर तुम्ही तयार झालात.

तो शनिवार. सकाळी खुर्च्या मीच मांडल्या, कारण दुसरं कोण मांडणार? माझी खुर्ची मांडताना ती भिंतीजवळ ठेवू की टेबलाजवळ, मला ठरवता येईना. मग सगळे आले. सून, तिचा भाऊ, माझी बायको. नात बाहेर बाकावर. पाणी आणायला मी उठलो तर तुम्ही म्हणालात, "बसा. आज तुम्ही पक्षकार आहात." माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. तुम्ही सुनेशी एकटीशी बोललात, मग आम्हा दोघांशी. विचारलंत, पोरीला काय आवडतं, तापात कुणाला हाक मारते. बायको धडाधड बोलत होती. तापातल्या हाकेपाशी मात्र तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला मारती. दुसऱ्या कुणाला मारणार?" मी जमिनीकडे बघत होतो. पोर तापात आईला हाक मारायची, बाई. रोज शेजारी तर मीच असायचो.

मधे तुम्ही थोडा वेळ सुट्टी दिलीत. मी दाराशी उभा राहिलो. बाहेर सून पोरीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. पोरीने न सांगता रिबिनीचं टोक धरून ठेवलेलं. ती म्हणाली, "आई, आज नेशील ना?" सून म्हणाली, "मोठी माणसं ठरवतील." पोर म्हणाली, "आजोबांना सांगू नको हं मी विचारलं. त्यांना वाईट वाटेल." मी दारामागे होतो. बायको आत खिडकीशी, तिला ऐकू गेलं नाही.

मी तुमच्यापाशी आलो आणि म्हणालो, मला एकट्याला बोलायचंय. तुम्ही बायकोला बाहेर बसवलंत, दार लावलंत. मी म्हणालो, "द्या तिला. पोरीला आई पाहिजे. पण हे मी म्हणालो असं माझ्या बायकोला कळता कामा नये. ती मला घरात घेणार नाही." तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. मग विचारलंत, "मनापासून?" मी म्हणालो, मनापासून. पुन्हा विचारलंत. मग म्हणालात, "घरी तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल. आज नाही तर आठवड्याने. मी सांगणार नाही." मी हो म्हणालो. बाहेर आलो ते मान खाली घालून, जसा कुणी दमात घेतलेला माणूस येतो. मान मी ठरवून खाली घातली नव्हती, पण ती मी मुद्दाम वर केली नाही, हे खरं. सह्या झाल्या. पोर आईकडे, दिवाळीला आणि मे महिन्यात आमच्याकडे. रिक्षात बायकोने विचारलं, "बाईंनी काय सांगितलं तुम्हाला आत?" मी म्हणालो, "त्या म्हणाल्या, हेच बरं." एवढंच म्हणालो. बाकीचं तिने स्वतः जुळवलं आणि मी जुळवू दिलं.

आठवडा गेला, दुसरा गेला. पोर रविवारी मालेगावला गेली. त्याच आठवड्यात वार्षिक सभा होती. विभागाची खोली संगणकासाठी हवी म्हणून एका ज्येष्ठ वकिलाने ठराव आणलेला, विभाग बंद करून ग्रंथालय समितीत घालावा. तुम्ही अहवाल वाचताय. मी हजेरीची वही धरून भिंतीशी उभा आहे. आणि दारात माझी बायको. मला वाटलं डबा घेऊन आली असेल. हातात डबा नव्हता. ती म्हणाली, "मी दोन शब्द बोलू का?" ते ज्येष्ठ वकील खुशीत म्हणाले, "बोला, बोला. पक्षकारांचं ऐकलंच पाहिजे आम्ही."

"ह्या बाईंनी माझ्या मालकाला एकट्याला खोलीत घेतलं, दार लावलं," ती म्हणाली. "बाहेर आले तवा मान खाली. माझी नात गेली. लय शिकलेल्या हाय ना बाई तुम्ही? तुम्हाला पोर नाय, बाळ नाय. माझं लेकरू कागदावर वाटून दिलं तुम्ही." मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ज्येष्ठ वकील उठले. "बाई, अहवालात तुम्ही लिहिलंय, दोघांनी मिळून ठरवलं. ही बाई तर वेगळंच सांगते. दार लावून समेट करता काय? बोला ना."

तुम्ही चष्मा काढलात. "त्या खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही."

"म्हणजे उत्तर नाही तुमच्याकडे."

"उत्तर आहे. ते सांगायचा हक्क माझा नाही."

सगळे तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही हातातल्या कागदाकडे. माझ्याकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी बोललो असतो असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण न बोलता उभा राहिलो ते तुम्ही बघितलं नाहीत म्हणून नाही. बायको चार हातांवर होती म्हणून. मग ठरावाला हात वर झाले. हात मोजायचं काम दरवर्षी माझंच. मी मोजले. एकदा मोजून झाल्यावर चुकलो असेन असं वाटून पुन्हा मोजले, आणि दोन्ही वेळा ते पुरेसे भरले. मी आकडा सांगितला तेव्हा माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. बाहेर जिन्यात तुम्ही मला गाठलंत. मला वाटलं, आता. तुम्ही म्हणालात, "त्यांना रिक्षाने घरी न्या. ऊन फार आहे, आणि त्या सकाळपासून जेवल्या नसतील."

त्यानंतर तुम्ही बाररूममध्ये कमी येऊ लागलात. काही वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी निवृत्त झालेलो. बायको म्हणाली, "जाऊन या. मेल्या माणसाशी माझं भांडण नाय." मी अमरधामला गेलो, मागे उभा राहिलो. घरी आल्यावर तिने विचारलं, "रडलात?" मी नाही म्हणालो. आता कोर्टात मध्यस्थी केंद्र आहे म्हणतात, काचेचं दार, बाहेर पाटी. मी आत गेलो नाही. पेन्शनच्या कामाला गेलो की त्या बाजूचा जिना टाळतो.

नात आता मोठी झाली, नोकरीला लागली. सुट्टीला यायची ती कधी चुकली नाही, तिच्या आईनेही कधी चुकवली नाही. गेल्या रविवारी जेवायला होती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आजोबा, मला आईकडे पाठवायचं तेव्हा कुणी ठरवलं हो? आई म्हणते, आजोबांना विचार." बायकोचा हात परातीतच थांबला. मला बाई, खरंच, बोलायला जागा होती. नात समोर, बायको समोर, आणि आता घराबाहेर काढून काढून मला कोण काढणार? मी म्हणालो, "एक वकीलबाई होत्या. त्यांनी."

"भारीच असणार त्या," ती म्हणाली. "आईशिवाय माझं काय झालं असतं? भेटवलं का नाही मला?" आणि तिने उष्ट्या हातानेच, हसत हसत, वर बघून नमस्कार केला.  बायकोने नातीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. गंगापूर रोडच्या तुमच्या घरात दुसरी माणसं राहतात. घरातही ठेवता येणार नाही. बायकोला वाचता येत नाही, पण नातीला येतं. त्यामुळे लिहून झालं की फाडणार आहे, आणि तेवढ्यासाठीच शेवटची गोष्ट लिहायचा धीर होतोय. शिव्या तुम्हाला मिळत होत्या तेव्हा मी मुकाट ऐकून घेतल्या, रात्री झोपही लागली. पण रविवारी नातीने तुम्हाला हात जोडले तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवला. बाई, मला तुमचा हेवा वाटला.