कपाटातली आंघोळ

चिरंजीव मेहुणेबुवांस,

भाऊजींचा कोरडा आशीर्वाद. (घरात सध्या एवढंच कोरडं उरलं आहे.) तुझी कंबर कशी आहे? नव्या घरात स्वतःच वाकून फरशा बसवणं थांबवलंस की नाही? थांबव, बाबा. कंबरेसाठी सांगतो आहे असं समज.

तू विकलेल्या घरात आम्ही मजेत आहोत. फक्त माडीवरच्या न्हाणीबद्दल थोडं लिहायचं आहे. ती तू स्वतःच्या हातांनी बांधलीस, आणि घर दाखवताना तिच्यापुढे पहिलटकर बापासारखा उभा राहिलास. माझ्या वकील लेकीने तेव्हाच विचारलं होतं, "मामा, हिची परवानगी काढलीय ना?" तू म्हणालास, "अगं, सगळं झालंय, तू चहा घे." तिने चहा घेतला, आम्ही घर घेतलं.

पुढे काय झालं, तर वर कोणी आंघोळ केली की खाली माझ्या आरामखुर्चीशेजारी छत ठिबकू लागलं. टप, टप, टप्प. दोन लघू, एक गुरू! मला एकदम शाळा आठवली. आमचे मराठीचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून वृत्तं शिकवायचे, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराच्या (म्हणजे माझ्या) डोक्यावर यतिभंग करायचे. दुसऱ्या कोणी प्लंबर बोलावला असता. मी डोळे मिटून त्या ठेक्यावर पाठ कविता म्हणू लागलो. बादलीत आवाज बोदा येतो म्हणून तुझ्या ताईचं पितळी पातेलं ठेवलं. (तिला न विचारता.) असे कितीतरी महिने सुखात गेले, आणि वर छत पाणी पीत राहिलं.

मग एका सकाळी छताचा भलामोठा पापुद्रा सुटला, तो नेमका तुझ्या ताईच्या चहात. ती एवढंच म्हणाली, "माझ्या भावाने हौसेने बांधलंय, होतं असं." आणि चहा गाळून प्यायली. बहीण असावी तर अशी!

लेकीने इंजिनिअर आणला. त्याने छत उकरलं, तर पाइपाच्या सांध्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वर सुतळी बांधलेली. तू लहान असताना मी आणून दिलेल्या सायकलचीच ती असावी असं मला उगाच वाटलं आणि डोळे भरून आले. इंजिनिअरला वाटलं, दुरुस्तीच्या खर्चाने. मग त्याने मंजूर नकाशा काढला. त्यात न्हाणीच्या जागी कपाट आहे. म्हणजे कागदोपत्री मी रोज सकाळी कपाटात शिरतो, कडी लावतो आणि गाणं म्हणत अंगावर पाणी ओततो.

न्हाणी पाडावी लागणार, नाहीतर छतच खाली येईल, असं तो म्हणतो. लेक म्हणते, विकणाऱ्याने लपवलं तर निस्तरायचंही विकणाऱ्यानेच. मी म्हटलं, "अगं, मामा आहे तुझा." तर म्हणाली, "म्हणून तर नोटिशीआधी तुम्हाला पत्र लिहू देतेय." आणि तू फोनवर मलाच विचारतोस, "भाऊजी, घेताना नीट बघून घेतलंत ना?" बघितलं रे. पण छताच्या पोटातलं दिसण्याची दृष्टी मला असती, तर मी नुसत्या कविता पाठ करत बसलो असतो का?

तरी तू घाबरू नकोस. ताई भक्कम तुझ्या बाजूने आहे. तिच्यापुढे नोटिशीचा शब्द काढायची कोणाची छाती नाही.

तुझे,
भिजलेले भाऊजी

ता.क. लवकर ये, तुझ्या खर्चाने न्हाणी पाड, छत नीट करून दे, आणि "ही मी विनापरवाना बांधली" असं सहीनिशी लिहून दे. वृत्तात बसलं तर उत्तम, गद्यही चालेल.

आणखी एक ता.क. पाडण्याआधी थोडा वेळ नळ सोडून ठेव. एका कवितेचं शेवटचं कडवं म्हणायचं राहिलं आहे.

(यापुढचं ताईच्या अक्षरात)

पत्र पाकिटात घालताना वाचलं. घर माझ्या नावावर आहे, हे तुम्ही दोघेही विसरलात. नोटिशीवर सही करून मी ती कालच टपालात टाकली. चहात छत पडेपर्यंत मी सोसलं; माझं पितळी पातेलं गळतीसाठी नव्हे, कवितेच्या ठेक्यासाठी ठेवलं होतं, हे मात्र मला आज कळलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे, रागावून लॉजवर उतरू नकोस. आंघोळ मात्र खाली करायची.