आतला खटका

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची! मेदेयीनची ऊब सोडून या सवानाच्या, म्हणजे उंच पठाराच्या, गारठ्यात यायला जिवावर आलं होतं, पण फाका गावाच्या रस्त्याला गाडी लागली आणि दोन्ही अंगांनी फुलमळ्यांची पांढरी छपरं दिसू लागली तेव्हा मनातल्या मनात चार उड्या मारल्या. एक्कावन्न वर्षांची बाई, चौदा महिने घरी बसलेली. नोकरी मागायला गेलं की पोरीसोरी माझा अर्ज बघून गोड हसायच्या. आणि आज मी एका मळ्याची मनुष्यबळ प्रमुख! आवे मारिया, देव पावला.

मळा कार्नेशनचा. फुलं निवडून बांधायच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये चौसष्ट माणसं, बहुतेक बायकाच. शेडच्या टोकाला फुलं साठवायच्या तीन थंड खोल्या. मालक एफ्राईनसाहेब दारातच उभे होते, गालाला गाल लावून स्वागत केलं. म्हणाले, लुस दारी, आमच्याकडे साहेब-नोकर काही नाही, आपण सगळे एकच कुटुंब. मग रुजू होण्याच्या कागदांचा हा एवढा गठ्ठा पुढे ठेवला. मी वाचायला घेतला तर म्हणाले, अहो, घरच्या माणसात कसली वाचावाची? मीही हसले आणि अकरा ठिकाणी सह्या ठोकल्या. लोकांना न वाचता सही करू नका असं वीस वर्षं सांगत आलेली मी! पण पहिल्याच दिवशी तोंड वाकडं कोण करणार.

चहाकॉफी बघणाऱ्या बेत्साबे मावशींनी गूळ घातलेला टिंटो, म्हणजे कोरी कॉफी, आणून दिला. त्या मला डॉक्टरबाई म्हणतात. इकडे ऑफिसात खुर्ची मिळाली की माणूस डॉक्टर होतो. मी म्हटलं, मावशी, मला तापाची गोळीसुद्धा कळत नाही. त्या हसल्या नाहीत. बायकांसमोर भाषण केलं: ही सूचनापेटी आता माझ्या दाराशी राहील, किल्ली माझ्याकडे, आणि प्रत्येक चिठ्ठी मी स्वतः वाचेन. शब्द दिला. टाळ्या जरा कमीच पडल्या, पण नव्याचे नऊ दिवस आहेत, बघू.

बुधवार, ४ सप्टेंबर

सप्टेंबर म्हणजे प्रेम आणि मैत्रीचा महिना, आणि माझ्या राज्यात गुप्त मित्राचा खेळ झाला नाही असं कधी घडलेलं नाही. एकवीस तारखेच्या शनिवारी ओळख द्यायची. तोवर ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या जागेवर गुपचूप गोडधोड ठेवायचं. मळ्यात वातावरण सुधारायला याच्याइतका स्वस्त आणि मस्त उपाय नाही. मी जाहीर केलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शेडचा मुकादम विल्मर चाचरत म्हणाला की यंदा नको, डॉक्टरबाई, दुसरं काहीतरी घ्या. मी म्हटलं, तुझं नाव निघेल त्या बाईला खर्च झेपणार नाही का रे? 

चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या. चौसष्ट आणि एक माझी. सगळ्यांनी उचलल्या आणि टोपलीत शेवटची उरली ती माझ्या वाट्याला आली: नीदिया आचुरी. अक्षर माझं नव्हतं. गोल गोल, शाळकरी मुलीसारखं. यादी पुन्हा पाहिली. या नावाचं कोणी नाही. चिठ्ठी ओलसर होती. कोणीतरी नव्या बाईची फिरकी घेतली असणार. घ्या बापडे, मलाही थट्टा कळते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सकाळी टेबलावर कॉफीची चघळायची गोळी! म्हणजे माझ्या गुप्त मित्राने सुरुवात केली. गंमत अशी की गोळी बर्फासारखी गार होती. तोंडात धरवेना.

पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या. एक, जेवणातला भात कच्चा असतो. दोन, विल्मर गाताना बेसूर गातो. तिसरी ओलसर, त्याच गोल अक्षरात: तीन नंबरच्या थंड खोलीचा आतला खटका चालत नाही.

लगेच जाऊन पाहिलं. जाडजूड दार, त्यात तळहाताएवढी काच. बाहेरून ओढलं की उघडतं. आतून उघडायला तांबडा दांडा आहे, तो दाबला तर नुसता खुळखुळतो. विल्मर म्हणाला, आम्ही दारात खोका लावून आत जातो, सवय आहे. एफ्राईनसाहेबांना सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं, भाग मागवलाय म्हणाले, आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. माणूस खरंच मनाचा गोड आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

शेडमध्ये माझ्या हाताने रंगवलेल्या पाट्या लागल्या: 'हसून काम करू', 'वाटेत खोकी ठेवू नका, दिसलेलं खोकं उचलून ढिगात ठेवा'. दोघीजणी खोक्यांना अडखळून पडल्या होत्या, म्हणून. आता वाट कशी लख्ख दिसते!

पेटीत पुन्हा तेच. आतला खटका चालत नाही. टेबलावर पुन्हा गोळी, गार. जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, ही नीदिया आचुरी कोण गं? बोलता बोलता सगळा हॉल चूप. चमचे तेवढे वाजत होते. अळीमिळी गुपचिळी म्हणतात ती हीच.

गुरुवार, १२ सप्टेंबर

परदेशी गिऱ्हाइकांकडून 'निरोगी कार्यसंस्कृती'चं प्रमाणपत्र मिळायचंय. अर्जावर मनुष्यबळ प्रमुखाची सही लागते. चाळीस प्रश्न. एकोणचाळिसांना मी मनापासून हो म्हटलं. चाळिसावा: थंड खोल्यांची दारं आतून उघडतात का?

मी एफ्राईनसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, भाग आठवड्यात येतोय, मग उत्तर खरंच होणार ना? एका आठवड्यासाठी चौसष्ट चुलींवर पाणी ओतता का? आणि हळूच म्हणाले, तुमच्या वयात इतकं मोठं काम सुरुवातीलाच नावावर लागतंय, लुस दारी.

सही केली. आठवड्याचा तर प्रश्न आहे. तशी खोटी म्हणता येणार नाही, थोडी लवकर केलेली आहे, इतकंच.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

टेबलावर गोळ्याच गोळ्या. ओंजळभर. टेबलाचं लाकूड खाली ओलं झालंय. माझ्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात.

पेटीत एकच चिठ्ठी. डॉक्टरबाई, तुम्ही वाचता ना?

आज पहिल्यांदा घाबरले. 

सोमवार, १६ सप्टेंबर

दोन दिवस घरी झोप लागली नाही. आज दार लावून सगळ्या जुन्या फायली काढल्या. सापडली. आचुरी, नीदिया, वय सव्वीस, बांधणी विभाग. मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. तारीख गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची, शुक्रवार. खालची सही गोल अक्षरात. तारीख मात्र दुसऱ्याच शाईत, दुसऱ्याच हाताने.

मग विल्मरची फाईल उघडली. तिच्यातही राजीनामा, सही केलेला, तारखेची जागा कोरी. दुसरी उघडली, तिसरी उघडली. चौसष्टच्या चौसष्ट.

पासष्टावी माझी. अकरा सह्यांतली नववी. हे देवा, मी इतकी कशी मूर्ख!

मंगळवार, १७ सप्टेंबर

बेत्साबे मावशींना खोलीत बसवलं, दार लावलं, फाईल पुढे ठेवली. आधी नुसता पदर, म्हणजे तो त्यांचा एप्रन, तोंडाला लावून बसल्या. मग बोलल्या. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

गेल्या वर्षी हाच सण. शनिवारी दुपारी सगळे हॉलमध्ये, गाणी जोरात. नीदियाने आपल्या गुप्त मित्रासाठी केक केला होता, मलई उतरू नये म्हणून तीन नंबरात ठेवलेला. तो आणायला गेली आणि दार लागलं. सगळ्यांना वाटलं, बस पकडून गेली असेल. रविवारी तिथं कोणी फिरकत नाही. सोमवारी सकाळी विल्मरने दार उघडलं. तांबड्या दांड्याला हात तसेच धरलेले, मावशी म्हणाल्या.

त्याच सकाळी तुमच्या आधीच्या साहेबांनी राजीनाम्यावर शुक्रवारची तारीख घातली. म्हणजे शनिवारी ती इथली कामगारच नव्हती. मग आत आलीच कशाला, फुलं चोरायला, असं म्हणाले. तिच्या आईला चोराची आई म्हणून फाटकावरून हाकललं. आणि आम्ही, डॉक्टरबाई, आम्ही सगळ्या खाली बघून फुलं बांधत राहिलो. तो केक माझ्यासाठी होता हो.

मी रडले. त्या रडल्या नाहीत, कप उचलून गेल्या.

गुरुवार, १९ सप्टेंबर

प्रमाणपत्र देणाऱ्यांना पत्र लिहिलं. माझी सही खोटी आहे, खटका चालत नाही, तिथं एक बाई मेली आहे, फायली येऊन बघा. पाकिटात घातलं. पत्ताही लिहिला.

एफ्राईनसाहेबांच्या कानावर घालायला गेले. वाटलं होतं ओरडतील. ते हसले. म्हणाले, जरूर पाठवा, पण सोमवारी पाठवा. पोरींचा सण कशाला नासवता? तुमचा कागदही माझ्याकडे आहेच, घाई कोणालाच नाही.

पाकीट टेबलाच्या खणात आहे. सोमवारी नक्की. सणाचा दिवस जाऊ दे. चौदा महिने, तो न वाजणारा फोन, आईचं ते न विचारणं — नाही. सोमवारी नक्की पाठवणार.

गोळ्या आता मोजत नाही. खण उघडला तर पाकिटावरही एक होती.

शुक्रवार, २० सप्टेंबर

पेटीत चिठ्ठी: उद्या ओळख द्यायची ना?

मी तिला पंधरा दिवसांत एकही गोळी दिली नाही. माझ्याच वाट्याला आली होती ती. देण्यासारखं एकच होतं माझ्याकडे, ते खणात ठेवलंय.

सगळ्यांना सांगितलंय की उद्या मी थोडा वेळच थांबेन, दोनच्या बसने मेदेयीनला जाणार. इथं शनिवार-रविवार काढायची छाती नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

सकाळी अकरा. हॉल सजलाय. गाणी मीच निवडली. बांधणीतली युरानी सांगत होती की तिने भेटीचा केक थंड खोलीत ठेवलाय.  तो केक मावशींना सांगून स्वयंपाकघरात हलवला. आता तीन नंबरच्या दारावर 'आत जाऊ नका' अशी पाटी लावून येते. मग दोनची बस. फोन, पिशवी खोलीतच आहे, पाच मिनिटांचं काम.

बारा वाजून दहा

लिहिते. रोजनिशी तेवढी खिशात होती.

पाटी लावत होते. काचेतून पाहिलं तर आत बाई. निळा एप्रन, पाठमोरी, दांड्याशी झटणारी — युरानीच वाटली. खोका लावला दाराला. मी स्वतः लावला, नीट लावला. आत गेले. कोणी नाही. फुलंच फुलं. आणि मागे दार —

काचेतून खोका दिसतो. कोणीतरी उचलून ढिगात ठेवलाय. वाट लख्ख आहे. माझी पाटी दिसते: वाटेत खोकी ठेवू नका.

दांडा खुळखुळतो.

साडेबारा

ओरडले. घसा गेला. हॉलमध्ये माझंच गाणं चाललंय, सगळ्या टाळ्या देतायत. दारावर आवाज होत नाही, जाड आहे. बाहेरून माझीच पाटी, आत जाऊ नका. कोण येणार?

युरानी वाचली. तेवढं झालं.

दोन

बस सुटली असेल. सगळ्या म्हणत असतील, डॉक्टरबाई गेल्या. निरोपही न घेता.

गाणी थांबली. पाय कळत नाहीत. फुलांची खोकी अंगावर घेतली. रोजनिशीची पानं फाडून काचेला लावते — खटका चालत नाही — अक्षर माझं वाटत नाही. इतकं गोल कधी —

चार?

पाकीट खणात. त्यांना सापडेल. सोमवारी माझा नववा कागद काढतील. तारीख घालतील. वीस. शुक्रवार. म्हणजे आज मी इथली कुणीच नाही. काय चोरायला आली होती म्हणतील ही —

आई, मी चोर नाही

कोपऱ्यात बसलीय. एप्रन निळा. बघत नाही माझ्याकडे. मी म्हटलं, नीदिया, माफ कर गं. मी वाचल्या होत्या. सगळ्या वाचल्या होत्या. तरी सही

जवळ आली

हात पुढे केलाय. तळहातावर कॉफीची गोळी. घेतली. माझ्या हाताला गोळी आता गार लागत नाही, चांगली ऊ