बेसमेंटमधली काळी बिअर

२ मार्च, रविवार. ट्रॉय.
आज निखिल उतरायचा होता. नाही उतरला. पासपोर्ट अजून तिकडे अमेरिकन वकिलातीतच. मुलाखतीनंतर हातात नुसती चिठ्ठी दिली, 'आणखी तपासणी चालू आहे, कळवू.' किती दिवस, ते कोणी सांगत नाही.
गेला होता पुतण्याच्या मुंजीला. व्हिसाचा शिक्का संपलेला होता, पण इथेच राहिलं तर त्याने काही अडत नव्हतं. एकदा देशाबाहेर पडलं की मात्र नवा शिक्का असल्याशिवाय आत येता येत नाही. "आलोच आहोत तर स्टॅम्पिंग उरकून टाकू यार!" दुकानातून येता येता कोथिंबीर घेऊन टाकू, तसं.
खाली बेसमेंटमध्ये त्याची बिअर, मोठ्या डब्यात आंबायला ठेवलेली. जायच्या आदल्या दिवशी केलेली. काळी, भरपूर कडू, आणि यीस्ट बेल्जियन. "तीन आठवड्यांत येतो, मग बाटल्या भरू."

५ मार्च, बुध.
नि.चा फोन. हॅलोच्या आधी, "बुडबुडे येतायत का?"
नाही येत. हीटिंग कमी केलं होतं मी, एकटीसाठी कशाला म्हणून. हे यीस्ट थंडीत झोपतं म्हणे. शिव्या खाल्ल्या. मग डब्याला आईने दिलेली गोधडी गुंडाळली.
व्हिसाचं स्टेटस : तेच.

६ मार्च
आले बुडबुडे! व्हिडिओ पाठवला. त्याने पाच वेळा बघितला असं म्हणाला. मला एकदम रडू आलं, उगाच.

९ मार्च, रवि.
हॉप्स घातले, बिअरच्या वासासाठी. फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी ठेवलेल्या हिरव्या गोळ्या. झाकण उघडल्यावर वास... भाजलेली कॉफी, संत्र्याची साल, आणि मागून लवंगेसारखं काहीतरी. मला बिअर आवडत नाही. हा वास आवडला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "लवंग यीस्टची, संत्रं हॉप्सचं. लवंग वर्षभर टिकते. संत्रं मात्र लवकर उडतं, ते ताजं असतानाच प्यायला हवं."
स्टेटस : तेच. दिवसातून किती वेळा बघते, लिहीत नाही.

१२ मार्च
त्याच्या मॅनेजरने सांगितलं, जागा महिनाअखेरपर्यंत ठेवू, पुढचं माहीत नाही. नि. "होईल गं" म्हणतो. त्याचं हे 'होईल गं' मला सध्या सहन होत नाही.

१५ मार्च, शनि.
बाटल्या भरल्या. डबा उचलायला सुधीरकाका आले, मंडळातले. चाळीस वर्षं इथे आहेत, ओळखीतल्या निम्म्या लोकांचं सामान त्यांनी हलवलंय. वास घेऊन म्हणाले, "काळी, त्यात कडू, वर बेल्जियन. तीन सासवा एका घरात कोंडल्यास की तू!"
जाताना हळूच, "तू नको हं जाऊस त्याच्या मागे. तुझाही शिक्का संपलाय ना? इथेच बस घट्ट." माहितेय काका.
बाटलीत गॅस धरायला थोडी साखर उकळून घालायची असते. बेल्जियन लोक काळी साखर वापरतात असं नि. एकदा म्हणाला होता, म्हणून मी कोल्हापुरी गूळ घातला. चांगला मोठा खडा. वाया नको म्हणून उरलेला छोटाही.

१६ मार्च
"वजन किती?"
"अंदाजाने."
"अंदाजाने?? आमटी आहे का ती?"
जास्त गोड पडलं तर बाटल्या फुटतात म्हणे, बॉम्बसारख्या. हे आधी सांगायचं होतं! सांगितलं होतं, म्हणतो. कडाक्याचं भांडण, दोघांनी फोन आपटले. मी बाटल्यांची खोकी प्लॅस्टिकच्या पेट्यांत ठेवली, वर तीच गोधडी. वॉशिंग मशीनही खालीच आहे. कपडे घेऊन गेले की पेट्यांपासून लांब, भिंतीला चिकटून चालते.

२३ मार्च, रवि.
सकाळी चहा घेत होते आणि खालून धाड्! एक फुटली. पेटीत काचा, फरशीवर काळा ओघळ, घरभर लवंग. बागकामाचे हातमोजे आणि नि.चा स्कीइंगचा चष्मा घालून उरलेल्यांची बुचं एकेक करून सैल केली, गॅस सोडला, पुन्हा लावली. नंतर सगळ्या गॅरेजमध्ये, तिथे अजून फ्रिजसारखी थंडी आहे.
फोन केला. ओरडेल असं वाटलं होतं. "लागलं नाही ना तुला?" एवढंच. मग वहिनींनी केलेल्या भरल्या वांग्यांबद्दल बोलत राहिला. दादाबरोबर सकाळी टेकडीवर जातो, वजन उतरलंय, झोप छान लागते.
मला ओरडायला हवा होता.

२७ मार्च, गुरु.
सासूबाईंचा फोन. स्वयंपाक, तब्येत, मग सहज : "त्याचा दुसरा राउंडही चांगला झाला हो. बाणेरला आहे ऑफिस, घरापासून जवळ पडेल."
मी "हो का, छान" म्हटलं. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मी माहीत असल्यासारखीच बोलले. ऑफिसात दिवसभर एक ओळ धड वाचली नाही.

२८ मार्च
विचारलं.
"बॅकअप आहे गं. जागा गेली तर?"
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तू आधीच टेन्शनमध्ये होतीस."
पहिला राउंड कधी झाला, विचारलं. बिअर बाटल्यांत भरली त्या आठवड्यात. म्हणजे गुळावरून माझ्यावर ओरडला तेव्हा... आणि मी इथे त्याच्या बाटल्या जपत बसले होते. राग येतोय. भीती त्याहून जास्त वाटतेय.

२ एप्रिल, बुध.
व्हिसा मिळाला!! पासपोर्ट त्याच्या हातात आहे, शिक्क्याचा फोटो पाठवला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून मोठ्याने ओरडले. त्याच्या मॅनेजरला मीच विचारलं. जागा अजून आहे, सोमवारपर्यंत या म्हणाला.
नि.ला लिहिलं, तिकीट काढ.
"बघतो."

४ एप्रिल, शुक्र.
तिकीट नाही. "शनिवारचं महाग आहे." मी काढते म्हटलं. "थांब जरा." तिकडच्या कंपनीने ऑफर दिली का, विचारलं. दिलीय. कधी? गेल्या सोमवारी.

५ एप्रिल, शनि.
एक बाटली उघडली. कुणाची वाट बघायची? फेस मावेना, अर्धी ओट्यावरच सांडली. उरलेली प्यायले. चांगली झालीय. खरंच चांगली झालीय. कडूपणा जिभेच्या मागे राहतो, गुळाचा गोडवा नावालाही नाही, यीस्टने सगळा खाल्ला. संत्रं आहे अजून.
पहिल्यांदाच बिअरचा ग्लास संपवला, तोही एकटीने.
मग त्याचा फोन. बिअरचं सांगायचं होतं, पण तोच आधी बोलला. खूप प्रेमाने बोलला.
"तूच ये ना इकडे. आठ दिवस. एकत्र बसू, समोरासमोर ठरवू. फोनवर नाही होत हे."
"आणि सोमवार?"
"सोमवारचं बघू."
मी "विचार करते" म्हटलं आणि ठेवला. तेव्हा सुचलंच नाही, आता सुचतंय. मी गेले तर मलाही तीच चिठ्ठी मिळू शकते. मग घर इथे, माझी नोकरी इथे, आणि मी तिकडे. त्याला हे माझ्याइतकंच माहीत आहे, दोन महिने तो त्यातूनच गेलाय.
तो हे विसरून म्हणाला, की लक्षात ठेवून?
परत फोन लावतेय.