बॉनेटवरची काठी

प्रिय आसावरी,

सप्रेम जयभीम. इंग्लंडात, रीडिंग शहरात आपली मैत्री होऊन इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द तुला आज पहिल्यांदाच लिहितेय. दचकू नकोस, पुढे दचकण्यासारखं बरंच आहे.

तुझा कॉट्सवोल्ड्सचा प्लॅन अजून माझ्या फ्रिजवर आहे. तीन दिवस, दोन गाड्या, जुनी दगडी गावं, प्रत्येक गावाला तू दिलेला वेगळा रंग, आणि दुपारी जिथे असू तिथे स्कोन आणि क्रीम. लोक लग्न ठरवतात तशी तू ट्रिप ठरवतेस बाई! खाली तू लिहिलं होतंस की दीक्षाच्या आईला खूप आवडेल, अगदी गावाकडे गेल्यासारखं वाटेल. ते वाचून मला हसूच आलं. आम्ही गाव सोडून नागपूरला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तेव्हापासून आईने कुठल्याच गावात पाऊल टाकलेलं नाही. लग्न असो की मयत, गावात असेल तर ती जात नाही. तिकडून आलात तरी का, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही आपणहून कधी सांगितलं नाही.

रस्ते अरुंद आहेत, एकदा चालवून बघ, असं तूच म्हणालीस. म्हणून त्या शनिवारी आईला घेऊन यादीतल्या पहिल्या गावात गेले. आश्चर्य म्हणजे ती लगेच तयार झाली. इथे आपल्याला कोण ओळखतंय, असं स्वतःच म्हणाली. वाटेत फ्लास्कमधला चहा प्यायली, मेंढ्या बघून खूश झाली. गाव लागलं तसा मात्र तिने सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला. तुझ्या फोटोंतल्यासारखंच होतं सगळं, चर्च, तळं, बदकं, भिंतींवर चढलेले गुलाब. तिने एकच प्रश्न विचारला, आपली घरं कोणत्या बाजूला? मी म्हटलं, आई, इथे तसं नसतं. तिला काही ते पटलं नाही. ती खिडकीतून गावाची कड शोधत राहिली.

एका वळणावर रस्ता इतका चिंचोळा झाला की मी गाडी कुंपणाला लावून फोनवर नकाशा बघायला लागले. एवढ्यात बॉनेटवर काठी आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. समोर लाल चेहऱ्याचा एक म्हातारा ओरडत होता. मला काच खाली करायचंही सुचलं नाही, तोवर आई दार उघडून बाहेर पडली होती. तिने त्याच्या हातातली काठी हिसकावली आणि पहिला घाव त्याच्या खांद्यावर घातला. तो पडला. आसावरी, तो पडल्यावरही ती थांबली नाही. पाठीवर, हातांवर, जिथे लागेल तिथे मारत होती. त्याचं डोकं दगडी भिंतीच्या कडेला लागून फुटलं, रक्त कानामागून कॉलरवर उतरलं. मी तिला मागून मिठी मारली तर एक कोपर माझ्या ओठावर बसलं. मी ऑफिसात पडले म्हणून सांगितलं होतं ना, ती जखम हीच. काठी मोडली तेव्हा कुठे ती थांबली, आणि तिथेच रस्त्यात खाली बसली.

मिस्टर पेल त्यांचं नाव. मागून एक रुंद ट्रेलर येत होता, गाडी पुढे घ्या, एवढंच सांगायला ते आले होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडतात. खडूस आहेत हेही खरं, बॉनेटला चांगला पोचा पडलाय. पण त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि डोक्याला टाके पडले. पोलीस आले, आईला गाडीत बसवून घेऊन गेले, रात्री उशिरा घरी सोडलं. हे मी तुला फोनवर वरवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, अगं, पण काकूंनी जरा ओव्हररिअ‍ॅक्टच केलं ना? मी फोन ठेवून दिला. राग अजून गेलेला नाही, पण आता तुला उत्तर देते.

माझ्या बाबांनी, काशीनाथांनी, एक जुनी मारुती व्हॅन घेतली होती, आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला न्यायची म्हणून. ती घरी आणली त्या दिवशी पुढे बाबांशेजारी आई होती, हार घातलेल्या व्हॅनमध्ये मागे मी. गावाच्या चौकातून आमच्यातलं कुणी सायकलवर बसूनसुद्धा जात नसे, उतरून हातात धरून नेत. बाबा व्हॅन चालवत गेले. बॉनेटवर काठी आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. खाली उतर, असं कुणीतरी म्हणालं. बाबा उतरले नाहीत, त्यांनी फक्त हॉर्न वाजवला. मग काच फुटली. त्यांना केसांना धरून बाहेर ओढलं आणि काठ्या, सायकलची चेन, जे हाती येईल त्याने मारलं, आधी गुडघे आणि मग डोकं. बाबा तिथेच गेले. आई सीटवरून हलू शकली नाही. तिचा पदर मारणाऱ्यांतल्या एकाने दाराच्या फटीत आवळून धरला होता. चौक माणसांनी भरलेला होता. कोर्टात त्यांतल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. सगळे सुटले. आणि हे का झालं, असं आईला आजपर्यंत कुणी विचारलं नाही.

मिस्टर पेलनी विचारलं. पोलिसांनी त्यांना सांगितलं की केस करता येईल, नाहीतर समोरासमोर बसून बोलता येईल. त्यांनी निरोप पाठवला की आधी त्या बाईंनी मला का मारलं ते कळू दे, मग ठरवतो. भेट येत्या गुरुवारी आहे, त्याच गावच्या हॉलमध्ये. फिसकटली तर केस होईल, आणि आईचं काय होईल मला माहीत नाही. मला भीती वाटतेय.

आता हे पत्र का, ते सांगते. आईचं बोलणं मी इंग्रजीत सांगितलेलं चालत नाही, घरचं माणूस नको म्हणतात. लंडनहून दुभाषी मिळत होती. आई नको म्हणाली, आसावरीला विचार. हॉस्पिटलमध्ये तू हे काम केलंयस, तुला रीत माहीत आहे, बोलणारा बोलतो तसंच्या तसं बोलायचं. माझा पदर आवळून धरला, माझ्या नवऱ्याला मारलं, मी बघत राहिले, हे सगळं तुझ्या तोंडून यायचं आहे. मध्येच अडखळलीस तर आई गप्प होईल, म्हणून आधीच सगळं लिहिलं. नाही म्हणालीस तर राग येणार नाही असं खोटं कशाला लिहू? येईल. मी आईला म्हटलं, तुला इंग्रजी कळत नाही, मग आसावरीच कशाला? ती म्हणाली, तुझ्या बाबांचं नाव तर कळेल. कोर्टात सगळे त्यांना मयत म्हणत होते. त्या चौकातल्यांसारखंच आडनाव असलेल्या कुणाच्या तरी तोंडून ते नाव एकदा ऐकायचंय मला. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते. आई पुढेच बसणार आहे. नाव नीट घे, आसावरी. काशीनाथ.

तुझीच,
दीक्षा